नाताळचे बिशप कोलेन्सो

दुकानाच्या वहीच्या पहिल्या पानावर श्री काढण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु वर श्री आहे एवढ्यावरून खालची चुकलेली बेरीज बरोबर आहे, असें कोणताही शहाणा व्यापारी मानीत नाहीं. तो रोकड मोजतो, कीर्द खतावणीशीं ताडून पाहतो, आणि ताळा जुळला नाहीं तर रात्रभर दिव्याशीं बसतो. पण चूक सांपडल्यावांचून वही मिटीत नाहीं. हाच मनुष्य दोन प्रकारचे कागद हातीं आले म्हणजे मात्र ताळा पाहण्याचें सोडून देतो. एक धर्माचे ग्रंथ आणि दुसरे राज्यकर्त्यांचे रिपोर्ट. पहिल्यांच्या आड पापाची भीति येते व दुसऱ्यांच्या आड शिक्षेची. ह्या दोन्ही प्रकारच्या कागदांचा ताळा ज्यांनीं एकाच मापानें पाहिला, आणि त्यासाठीं आधीं धर्मबांधवांचा व मागाहून जातभाईंचा बहिष्कार सोसला, अशा एका पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. हे पुरुष म्हणजे दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतीचे पहिले इंग्रज बिशप जॉन विल्यम कोलेन्सो. ते जन्मानें इंग्रज व श्रद्धेनें ख्रिस्ती होते आणि मरेपर्यंत दोन्ही राहिले. घर सोडून जाणाऱ्यानें घराचे दोष सांगणें सोपें. घरांत राहून ते सांगणाऱ्याची गोष्ट निराळी असते.

कोलेन्सो ह्यांचा जन्म २४ जानेवारी १८१४ रोजीं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास, कॉर्नवॉल प्रांतांतील सेंट ऑस्टेल ह्या गांवीं झाला. वडील कथलाच्या खाणींच्या धंद्यांत होते. समुद्राचें पाणी खाणींत शिरलें, भांडवल बुडालें, आणि घरची स्थिति एकदम बसली. मुलास लहान वयांतच एका शाळेंत मदतनीस मास्तर म्हणून राहून आपल्या पोटाची सोय पाहावी लागली. पुढें केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत ते गेले, तेही सवलतीनें शिकणारे गरीब विद्यार्थी म्हणूनच. परंतु गणितांत बुद्धि असामान्य होती. १८३६ सालीं ते दुसऱ्या क्रमांकाचे रँग्लर झाले आणि पुढच्याच वर्षीं कॉलेजचे फेलो. ही पदवी रँग्लर परांजपे ह्यांच्यामुळें महाराष्ट्राच्या परिचयाची आहे; परांजपेही त्याच सेंट जॉन्स कॉलेजाचे विद्यार्थी, आणि १८९९ सालीं ते पहिल्या क्रमांकाच्या मानाचे धनी झाले.

पदवी मिळाली तरी दारिद्र्यानें पाठ सोडली नाहीं. हॅरो येथील प्रसिद्ध शाळेंत गणित शिकवीत असतां त्यांच्या वसतिगृहास आग लागली व डोक्यावर मोठें कर्ज झालें. तें फेडण्यास त्यांची लेखणीच कामास आली. बीजगणितावर व अंकगणितावर त्यांनीं लिहिलेलीं शाळेचीं पुस्तकें इतकीं सुबोध उतरलीं कीं इंग्लंडांत व वसाहतींत पिढ्यान्‌पिढ्या मुलें त्यांवर शिकलीं. अंकगणिताच्या पुस्तकाचा हक्क लाँगमन्स ह्या प्रकाशकांनीं २,४०० पौंडांस घेतला, आणि कर्ज फिटलें. हिशेबानें घर सांवरलेल्या ह्या मनुष्याचा हिशेबावर जन्मभर विश्वास राहिला, ह्यांत नवल नाहीं.

१८४६ सालीं सारा फ्रान्सिस बन्यन ह्या सुशील व विचारी स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला, आणि नॉरफोक प्रांतांतील एका खेड्यांत ते पाद्री म्हणून राहिले. पत्नीच्या ओळखीनें त्यांचा फ्रेडरिक डेनिसन मॉरिस ह्या धर्मपंडितांशीं स्नेह जमला. पापी मनुष्यास देव अनंतकाळ नरकांत जाळीत ठेवितो हें मत मॉरिस ह्यांस रुचत नसे, व त्यापायीं १८५३ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील अध्यापकाची जागा त्यांस सोडावी लागली. त्याच वर्षीं कोलेन्सो ह्यांनीं आपल्या प्रवचनांचें पुस्तक मॉरिस ह्यांस अर्पण केलें. बढती जवळ आली असतां पदच्युत मित्राचें नांव पुस्तकावर घालणें हा व्यवहारी मनुष्याचा मार्ग नव्हे. तरीही त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ते नाताळचे बिशप झाले.

नाताळ हें नांव आपल्याकडे सणाचें म्हणून ठाऊक आहे, आणि त्या प्रांताचें नांवही त्या सणावरूनच पडलें. १४९७ च्या नाताळांत वास्को द गामा हिंदुस्थानचा मार्ग शोधीत असतां त्यास तो किनारा दिसला होता. १८४३ सालीं इंग्रजांनीं तो प्रांत आपल्या राज्यास जोडला. मूठभर गोरे वसाहतवाले, त्यांच्या कितीतरी पट झुलू भाषा बोलणारी प्रजा, आणि सीमेपलीकडे झुलूंचें स्वतंत्र राज्य, अशी तेथील स्थिति होती. १८५५ सालीं कुटुंबासह तेथें कायमचे जाऊन कोलेन्सो ह्यांनीं राजधानी पीटरमॅरिट्झबर्गपासून कांहीं मैलांवर घर, शाळा व छापखाना उभारला. ह्या ठिकाणास झुलू भाषेंत एकुखान्येनी, म्हणजे प्रकाशाचें स्थान, असें नांव होतें. झुलू सरदारांचीं मुलें तेथें शिकत. झुलू भाषेचें व्याकरण, झुलू-इंग्रजी कोश आणि बायबलच्या भागांचीं भाषांतरें ह्या घरांतून बाहेर पडलीं. ह्याच छापखान्यांत खिळे जुळविण्यास शिकलेले मगेमा फूझे ह्यांनीं पुढें आपल्या लोकांचा इतिहास आपल्याच भाषेंत लिहिला. १९२२ सालीं छापलेला तो ग्रंथ झुलू मनुष्यानें झुलू भाषेंत लिहिलेल्या पहिल्या पुस्तकांत गणला जातो.

पहिला खटका उडाला तो बहुपत्नीत्वावरून. अनेक बायका असलेला झुलू मनुष्य ख्रिस्ती होऊं लागला म्हणजे मिशनरी त्यास एक ठेवून बाकीच्या सोडावयास लावीत. कोलेन्सो ह्यांस ही चाल पसंत नव्हतीच; परंतु त्यांनीं विचारलें कीं, सोडलेल्या बायकांनीं व त्यांच्या मुलांनीं जावें कोठें? एका मनुष्याच्या आत्म्याच्या उद्धारासाठीं चार निरपराध संसार उघड्यावर टाकणें हा धर्म कसा? जुनें लग्न पाळूं द्यावें, नवें करूं देऊं नये, असें त्यांचें मत होतें. सुधारणा करतांना तिचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो तें आधीं पाहावें, हें तत्त्व पुष्कळ सुधारकांच्या ध्यानांत राहत नाहीं.

मुख्य प्रकरणास आरंभ झाला तो भाषांतराच्या बैठकींत. विल्यम न्गिदी नांवाचे झुलू गृहस्थ त्यांचे साहाय्यक होते. कोलेन्सो मूळ ग्रंथ समजावून सांगत आणि न्गिदी त्यास शुद्ध झुलू वळण देत. एके दिवशीं जलप्रलयाची कथा चालली होती. ती ऐकतां ऐकतां न्गिदी ह्यांनीं विचारलें कीं, हें सगळें खरेंच घडलें काय? उष्ण देशांतले व थंड देशांतले सगळे प्राणी जोडीजोडीनें चालत येऊन नोहाच्या तारवांत शिरले काय? आणि हिंस्र पशुपक्ष्यांसकट सर्वांचें खाणें त्यानें कोठून जमविलें? प्रश्न साधा होता. कोलेन्सो ह्यांस भूगर्भशास्त्राची माहिती होती. सर्व पृथ्वी बुडविणारा प्रलय झाला नाहीं हें ते मनांत जाणत होते. आतां समोरच्या मनुष्यास काय सांगावें? विद्यार्थी अशिक्षित आहे, त्याला काय कळतें, असें म्हणून वेळ मारून नेतां आली असती. परंतु ज्यास सत्य शिकवावयास आपण समुद्र ओलांडून आलों, त्यासच जाणूनबुजून असत्य सांगावें, हें त्यांच्यानें होईना. दुसऱ्या एका प्रसंगीं गुलामांविषयींचा मोशेचा नियम भाषांतरास आला. धन्यानें मारलेला गुलाम एकदोन दिवस जगून मग मेला तर धन्यास शिक्षा नाहीं, कारण गुलाम हें त्याचें धनच होय, असा तो नियम आहे. हें दयाळू देवाचें वचन कसें असेल, ह्या विचारानें तो झुलू गृहस्थ संतापला, आणि त्याचा संताप गुरूस योग्य वाटला.

कोलेन्सो ह्यांनीं जर्मन पंडितांचे ग्रंथ मागविले आणि मोशेच्या नांवावर असलेल्या पांच ग्रंथांचा व यहोशवाच्या ग्रंथाचा अभ्यास आरंभिला. मध्यंतरीं १८६१ सालीं पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर त्यांची टीका प्रसिद्ध झाली. तींत अनंत नरकाच्या मतास त्यांनीं उघड विरोध केला. लगेच १८६२ सालीं पंचग्रंथांवरील परीक्षणाचा पहिला भाग निघाला. ह्या ग्रंथाचे सात भाग होऊन तो १८७९ सालीं पुरा झाला. पहिल्या भागानेंच इंग्लंडांत जो गोंधळ उडाला तो विलक्षण होता, कारण त्यांत तत्त्वज्ञानाची अवघड चर्चा नव्हती. साधा जमाखर्च होता.

त्याचा मासला असा. मिसर देशांतून निघालेल्या इस्राएल लोकांत लढण्याजोगे पुरुष ६,०३,५५० होते असें ग्रंथ सांगतो. म्हणजे बायका, मुलें व वृद्ध धरून वीस लाखांचा समुदाय झाला. हे सर्व ७० माणसांच्या कुटुंबापासून अवघ्या चार पिढ्यांत कसे वाढले? पुढें सर्व मंडळी देवाच्या मंडपाच्या दारांत जमली असें लिहिलें आहे. त्या मंडपाचें आवार १०० हात लांब व ५० हात रुंद. त्यांत कसेबसे ५,००० लोक मावतील. ज्येष्ठ पुत्रांची संख्या २२,२७३ दिली आहे. ती एकंदर पुरुषसंख्येशीं ताडली तर प्रत्येक मातेस ४० हून अधिक मुलगे झाले असें मानावें लागतें. पुरोहित म्हणावे तर अहरोन व त्याचे दोन पुत्र, मिळून तिघे. एवढ्या लोकसंख्येंत रोजचीं बाळंतपणें सुमारें २५० धरलीं, तर प्रत्येकीमागें दोन ह्याप्रमाणें रोज ५०० बलि ह्या तिघांनीं द्यावयाचे. एकेका बलीस पांचच मिनिटें धरलीं तरी रोज ४० तासांहून अधिक काम होतें; तिघांत वाटलें तरी प्रत्येकाच्या वाट्यास सुमारें १४ तास, आणि हें केवळ बाळंतिणींचें; बाकीचे विधि निराळेच. आंकडे कोलेन्सो ह्यांनीं आपल्या पदरचे घातले नव्हते. ते ग्रंथांतूनच काढले होते. त्यांनीं केली ती केवळ बेरीज.

पण ह्यावरून त्यांनीं काढलेलें अनुमान पाखंड्याचें नव्हतें. हे ग्रंथ मोशेनें एका हातें लिहिलेले नाहींत, निरनिराळ्या काळच्या लेखकांचे लेख त्यांत एकत्र गुंफलेले आहेत, व ते मनुष्यांनीं लिहिलेले असल्यामुळें मनुष्याच्या चुका त्यांत आहेत, असें त्यांचें म्हणणें होतें. तथापि देवाचा शब्द त्या लिखाणांतून मनुष्याच्या अंतःकरणाशीं बोलतो, आणि तो ओळखण्यास देवानेंच आपणांस बुद्धि दिली आहे, ही श्रद्धा त्यांनीं कधींही सोडली नाहीं. हॉलंडचे पंडित अब्राहम क्यूनेन ह्यांनीं त्यांच्या ग्रंथाचें ऋण मानलें. पंचग्रंथांतील पुरोहितांचे विस्तृत नियम अगदीं मागाहूनच्या काळचे होत, हा जो सिद्धांत पुढें जर्मन पंडित वेलहाउझेन ह्यांच्या नांवानें गाजला, त्याच्या उभारणींत कोलेन्सो ह्यांच्या गणिताचाही वांटा आहे. त्यांचे सर्वच तर्क टिकले असें नाहीं. कोणता भाग कोणी लिहिला हें ठरवितांना त्यांनीं कांहीं ठिकाणीं जरुरीहून अधिक निश्चितपणा दाखविला, आणि बेरीज-वजाबाकीनें धर्मग्रंथाचें मर्म कळत नाहीं, हा मॅथ्यू आर्नल्डसारख्या विद्वानांचा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. परंतु मर्म सांगणाऱ्यांनीं आधीं चुकीची बेरीज चुकीची आहे एवढें तरी कबूल करावयास पाहिजे होतें. तें कबूल करणारे थोडे निघाले.

मग जें व्हावयाचें तें झालें. खंडन करणाऱ्या पुस्तकांचा पाऊस पडला. झुलूंस बाटवावयास गेलेल्या बिशपास एका झुलूनेंच बाटविलें, असा विनोद घरोघर झाला. ज्या मॉरिससाठीं त्यांनीं लोकापवाद पत्करला होता, तेही विरुद्ध गेले. केपटाउनचे मुख्य बिशप रॉबर्ट ग्रे ह्यांनीं १८६३ सालीं त्यांच्यावर पाखंडाचा खटला चालविला. कोलेन्सो तेव्हां इंग्लंडांत होते. ह्या न्यायासनास आपला न्याय करण्याचा अधिकारच नाहीं, एवढी हरकत त्यांनीं प्रतिनिधीमार्फत नोंदविली. डिसेंबर १८६३ मध्यें ग्रे ह्यांनीं त्यांस पदच्युत केल्याचें जाहीर केलें.

येथून पुढचें प्रकरण वकिलांनीं मुद्दाम अभ्यासावें असें आहे. कोलेन्सो प्रिव्ही कौन्सिलाकडे गेले व २० मार्च १८६५ रोजीं लॉर्ड चॅन्सेलर वेस्टबरी ह्यांनीं निकाल सांगितला. केप व नाताळ येथें स्वतंत्र कायदेमंडळें झाल्यावर केवळ राणीच्या विशेषाधिकारानें तेथें लोकांवर सक्तीनें चालेल असें धर्मन्यायासन उभारतां येत नाहीं. शिवाय कोलेन्सो ह्यांचें अधिकारपत्र नोव्हेंबर १८५३ चें, आणि ग्रे ह्यांचें मुख्य बिशपपदाचें डिसेंबर १८५३ चें. मागाहून दिलेल्या अधिकारानें आधींचा हक्क हिरावतां येत नाहीं. उभय पक्षांच्या संमतीनेंही नसलेला अधिकार उत्पन्न होत नाहीं. सबब ग्रे ह्यांची सगळी कारवाई कायद्याच्या दृष्टीनें शून्य. बायबलविषयीं मतें बरोबर कीं चूक, ह्यास न्यायाधीशांनीं स्पर्शही केला नाहीं. गंमत अशी कीं, ज्या तत्त्वानें ग्रे ह्यांचा अधिकार कोसळला, त्यानेंच कोलेन्सो ह्यांच्या स्वतःच्या अधिकारपत्राचीही धार बरीचशी गेली. पगार देणाऱ्या मंडळानें पगार अडविला. त्यावरील दाव्यांत १८६६ सालीं लॉर्ड रोमिली ह्यांनीं तो देवविला. तरी ग्रे थांबले नाहींत. जानेवारी १८६६ मध्यें पीटरमॅरिट्झबर्ग येथें कोलेन्सो ह्यांच्या बहिष्काराची आज्ञा वाचण्यांत आली, आणि १८६९ सालीं त्यांच्याच मुलखांत मॅक्रोरी नांवाचे दुसरे बिशप नेमले गेले. १८६७ सालीं जगांतील इंग्रजी पंथाच्या बिशपांची लॅम्बेथ येथें जी पहिली परिषद भरली, तिच्यामागेंही हें कोलेन्सो-प्रकरण मोठ्या अंशानें होतें.

एवढें झालें तरी नाताळांतील गोऱ्या लोकांपैकीं पुष्कळजण कोलेन्सो ह्यांच्या बाजूसच राहिले. त्यांच्या प्रवचनांस देऊळ भरत असे. केपटाउनच्या बिशपानें आमच्यावर हुकूम कां चालवावा, असें त्यांस वाटे. आणि मोशेचा हिशेब चुकला ह्यानें त्यांच्या पदरचें कांहीं जात नव्हतें. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; कारण पुढील प्रकरणांत त्यांच्या पदरचें जाणार होतें.

ड्रेकन्सबर्गच्या डोंगरपायथ्याशीं ह्लुबी जमातीचे लोक राहत, व लांगालिबालेले हे त्यांचे प्रमुख होते. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत काम करून त्यांचे तरुण परत येत ते मजुरीच्या पैशाच्या बंदुका घेऊन येत. ह्या बंदुकांची नोंद करा असा सरकारचा हुकूम निघाला. नोंदीस दिलेली बंदूक परत मिळेल अशी लोकांस खात्री नव्हती. राजधानींत हजर व्हा असें लांगालिबालेले ह्यांस बोलावणें आलें, पण ते गेले नाहींत. १८७३ च्या नोव्हेंबरांत सैन्य पाठविण्यांत आलें, डोंगरांतील खिंडींत चकमक होऊन सरकारी बाजूचीं पांच माणसें मेलीं, आणि मग सूड सुरू झाला. ह्लुबींचे गांव जाळले, गुरें हांकून नेऊन विकलीं, बायकामुलें गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीस वांटून दिलीं. १८७४ च्या आरंभीं लांगालिबालेले ह्यांची चौकशी झाली. न्यायाधीश स्वतः लेफ्टनंट गव्हर्नर सर बेंजामिन पाइन. सहन्यायाधीशांत एतद्देशीय खात्याचे मुख्य थिओफिलस शेपस्टन. फिर्यादी बाजू चालविणारे शेपस्टन ह्यांचे बंधु जॉन. आरोपीस वकील मिळाला नाहीं. जन्मभर हद्दपारीची शिक्षा झाली व त्यांस केपजवळील रॉबेन बेटावर पाठविलें. पुढें विसाव्या शतकांत नेल्सन मंडेला ह्यांस ठेविलें तें हेंच बेट.

थिओफिलस शेपस्टन हे कोलेन्सो ह्यांचे वीस वर्षांचे जिवलग मित्र. झुलूंचा कारभार त्यांच्याइतक्या न्यायानें कोणी करीत नाहीं, असें कोलेन्सो सांगत आले होते. परंतु चौकशीचे कागद हातीं आले आणि गणितज्ञानें पुन्हा ताळा पाहावयास आरंभ केला. लांगालिबालेले ह्यांच्यावर एक मुख्य आरोप असा होता कीं, सरकारी जासुदास नागवा करून त्यांनीं राज्याचा अपमान केला. कोलेन्सो व मगेमा ह्यांनीं साक्षीदार शोधून जबान्या घेतल्या, तेव्हां निघालें तें असें कीं, जासुदास फक्त अंगावरचे कोट काढावयास लाविलें होतें, आणि तें कां? तर १८५८ सालीं ह्याच जॉन शेपस्टन ह्यांनीं मात्शाना नांवाच्या प्रमुखास बोलणें करण्याच्या मिषानें बोलावून दग्यानें धरण्याचा बेत केला होता, व ती आठवण लोकांच्या मनांत ताजी होती. कोटाखालीं शस्त्र नाहीं ना, एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. ज्या भीतीमुळें प्रमुख राजधानींत गेले नाहींत, तिचें मूळही हेंच. त्या जुन्या प्रकरणाची १८७५ सालीं कर्नल कॉली ह्यांनीं चौकशी केली, तेव्हां दग्यानें धरण्याचा बेत होता ही गोष्ट शाबीत झाली.

कोलेन्सो ह्यांनीं हें सर्व छापलें, १८७४ सालीं स्वतः इंग्लंडास जाऊन वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन ह्यांच्यापुढें मांडलें, आणि त्याचें फळही थोडेंबहुत मिळालें. पाइन ह्यांस परत बोलाविण्यांत आलें, लांगालिबालेले ह्यांस बेटावरून काढून मुख्य भूमीवर ठेवण्यांत आलें, व १८८७ सालीं ते नाताळांत परतले. पण कोलेन्सो परत आले तेव्हां त्यांचें देऊळ ओस पडत चाललें होतें. शेपस्टन ह्यांची मैत्री तुटली ती कायमची. मोशेवरची टीका ज्यांनीं हंसत सोसली, त्यांस आपण वांटून घेतलेल्या गुरांवरची व मजुरांवरची टीका सोसवली नाहीं. धर्म बुडाला ही ओरड पुष्कळदां आपला फायदा बुडाला ह्या ओरडीपेक्षां सौम्य असते, हा अनुभव सर्व देशांतला आहे.

ह्यानंतर त्यांस ज्यांच्याशीं झगडावें लागलें ते गृहस्थ आपल्या ओळखीचे आहेत. सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते व किल्ल्याचा तट पाडून त्यांनीं शहर मोकळें केलें. त्याहीपूर्वीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें तेव्हां ते तेथें रेसिडेंट होते, आणि छत्रपतींच्या वारसाचा हक्क बुडवूं नये असें त्यांनीं वरिष्ठांस कळविलें होतें. तेच फ्रियर १८७७ पासून दक्षिण आफ्रिकेंत हाय कमिशनर होते. झुलू राजा सेत्श्वायो ह्यांच्याशीं जो सरहद्दीचा तंटा होता, त्याचा निवाडा चौकशीमंडळानें बव्हंशीं झुलूंच्या बाजूनें दिला. फ्रियर ह्यांनीं तो कांहीं महिने दाबून ठेविला आणि ११ डिसेंबर १८७८ रोजीं निवाड्याबरोबरच, झुलूंनीं आपली सैन्यव्यवस्था मोडावी अशा अर्थाचा निर्वाणीचा खलिता दिला. ११ जानेवारी १८७९ रोजीं इंग्रज फौज झुलूंच्या मुलखांत शिरली, आणि २२ जानेवारीस इसांडल्वाना येथें इंग्रजांच्या बाजूचीं १,३०० हून अधिक माणसें कापलीं गेलीं.

सगळी वसाहत शोकानें व सूडानें पेटली असतां १२ मार्च हा प्रार्थनेचा दिवस ठरला. त्या दिवशीं पीटरमॅरिट्झबर्गच्या सेंट पीटर्स देवळांत कोलेन्सो बोलावयास उभे राहिले. मेलेल्यांत त्यांच्या घराचे स्नेही कर्नल डर्नफर्ड होते. विषय त्यांनीं घेतला तो मीखा भविष्यवाद्याचा. न्यायानें वागावें, दयेची आवड धरावी व देवापुढें नम्र असावें, ह्या आशयाचा. मग श्रोत्यांस त्यांनीं उघड विचारलें कीं, ह्या युद्धांत आपण न्याय कोठें केला, दया कोठें दाखविली? आपलीं माणसें पडलीं त्यांचें दुःख आहेच. पण आपल्या घरांच्या व जमिनीच्या रक्षणासाठीं लढून पडलेल्या झुलूंचें दुःख कोणी करावयाचें? ह्या प्रवचनास जें धैर्य लागलें त्यापुढें पंचग्रंथांवरील सातही भाग फिके पडतील, असें आम्हांस वाटतें.

शेवटचीं वर्षें त्यांनीं एका निराळ्याच परीक्षणांत घालविलीं. पार्लमेंटापुढें ठेविलेलीं ब्ल्यू बुकें, वर्तमानपत्रांतील तारा आणि अधिकाऱ्यांचे खलिते ते घेत, ओळीओळीनें ताडून पाहत, झुलू माणसांनीं सांगितलेल्या हकीकती त्यांशेजारीं मांडीत, आणि एकाच गोष्टीचीं दोन सरकारी वर्णनें कोठें जुळत नाहींत तें दाखवून आपल्याच छापखान्यांत छापीत. पंचग्रंथांस जी कसोटी लाविली तीच ब्ल्यू बुकांस. १८८० सालीं केप येथें कैदेंत असलेल्या सेत्श्वायो ह्यांस ते जाऊन भेटले. राजाची सुटका होऊन १८८३ च्या जानेवारींत तो परत गेला, परंतु तुकडे पाडलेल्या राज्यांत. त्याच वर्षीं २० जून रोजीं कोलेन्सो ह्यांचा देहांत झाला, व सेंट पीटर्स देवळांतच त्यांस पुरण्यांत आलें. झुलू लोक त्यांस सोबांतू, म्हणजे लोकांचा बाप, म्हणत. त्यांच्या कन्या हॅरिएट ह्यांनीं तेंच काम पुढें चालविलें. सेत्श्वायो ह्यांचे पुत्र दिनुझुलू ह्यांच्यावर राजद्रोहाचे खटले झाले तेव्हां बचावासाठीं त्या झटल्या, व १९३२ सालीं मरेपर्यंत त्यांनीं हा वसा टाकला नाहीं.

कोलेन्सो ह्यांस एक मर्यादा होती, ती लपविण्याचें कारण नाहीं. इंग्रजी न्याय मुळांत शुद्ध आहे, लंडनपर्यंत सत्य पोंचलें कीं तेथें त्याची दाद लागेलच, असा त्यांचा अखेरपर्यंत विश्वास होता. दुसऱ्याचें राज्य दुसऱ्यानें चालवावें कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनीं मुळाशीं जाऊन विचारला नाहीं. कारभाराचा हिशेब त्यांनीं तपासला. मालकीचा दस्तऐवज तपासला नाहीं. परंतु जो मनुष्य आपल्या लोकांचा हिशेब इतक्या कसोशीनें मांडतो, त्याच्या कागदांवरूनच पुढचे लोक मूळ दस्तऐवजापर्यंत पोंचतात.

त्यांच्या नांवाचें एक गांव नाताळांत आहे. १५ डिसेंबर १८९९ रोजीं बोअर युद्धांतील मोठी लढाई तेथें झाली, व महात्मा गांधींनीं उभारलेल्या हिंदी शुश्रूषा-पथकानें तेथें जखमी लोकांस वाहून नेलें. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांचे बांधव त्या पथकांत होते. हिंदी मनुष्यास कोलेन्सो हें नांव ऐकूं येतें तें बहुधा ह्या लढाईमुळेंच. ज्या पुरुषाचें तें नांव, तो लढाईच्या विरुद्ध बोललेला होता, हें थोड्यांस ठाऊक असतें.

आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकाच्या घरीं पूजेंतले ग्रंथ आहेत, आणि प्रत्येकाच्या गांवीं स्वतःच्या जातीचे, पक्षाचे व सरकारचे कागदही आहेत. परक्यांच्या ग्रंथांतल्या चुका काढण्यास कोणी लाजत नाहीं. खरा प्रश्न असा कीं, समोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्यानें, नोकरानें किंवा स्वतःच्या मुलीनें, हें खरें काय, असें आपल्या घरच्या पोथीविषयीं किंवा आपल्या बाजूच्या निवाड्याविषयीं विचारलें, तर आपण काय करणार? विल्यम न्गिदी ह्यांचा प्रश्न ऐकून घेणारा गुरु निघाला, म्हणून पुढील इतकें सारें घडलें. वहीवर श्री जरूर काढावा. पण खालची बेरीज ज्याची त्यानें तपासून पाहावी, आणि ती चुकली असली तर आपल्या हातानें दुरुस्त करावी.